ठिपकीचं डालगं

"...पण मन थाऱ्यावर राहत नाही, त्याचं काय करायचं ते सांगा ना, आक्का!"

खोचरे गुरुजींनी तिसऱ्यांदा तेच विचारलं.

येसाक्का उंबऱ्यावर बसली होती. तिनं मांडीवरची कोंबडी उचलली आणि सरळ गुरुजींच्या हातात दिली.

"आदी ही धरा."

"मी?"

"मग काय तुमचं मन धरंल? धरा. पंख दाबून धरा, न्हाईतर फडफडंल."

आता बघा, गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस. रस्त्यात अंड्याचं टरफल दिसलं तरी वळसा घालून जाणारा. पण हात पुढे झाले ते झालेच. कोंबडी गरम होती. तिचं काळीज गुरुजींच्या तळव्याखाली धडधडत होतं.

ती ठिपक्याठिपक्यांची होती, म्हणून तिचं नाव ठिपकी. पाठीवर, शेपटीच्या वर, रुपयाएवढी जागा सोलून निघाली होती. लालभडक.

"काय झालं हिला?"

"मुंगसानं धरली हुती परवा. सुटली कशीबशी."

"मुंगसाच्या दाताची जखम एवढी मोठी?"

"मुंगसाची येवढीशी हुती." येसाक्कानं करंगळीचं नख दाखवलं. "बाकीची घरच्यांनी केली."

आणि तिनं अंगणाकडे हनुवटी केली. तिथं दहा-बारा कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. अगदी साळसूद. त्यांच्याकडे बघून कुणाला खरंसुद्धा वाटलं नसतं.

गुरुजींना मात्र लगेच खरं वाटलं.

---

हे खोचरे गुरुजी म्हणजे करंजवाडीतलं मोठं प्रस्थ. तेहतीस वर्षं मास्तरकी, त्यातली अकरा हेडमास्तर म्हणून. पोथी तोंडपाठ. प्रवचनाला बुवा बाहेरगावचा आला आणि एखादा शब्द घसरला, तर पहिल्या रांगेतून गुरुजींचा खाकरा ऐकू यायचा. बुवा बिचारा गांगरून जायचा.

असा माणूस येसाक्काच्या दारात कशाला येईल? पाठवणारा तसाच मोठा होता, म्हणून आला.

गुरुजींचे गुरू दासू महाराज. मठात शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा गुरुजींनी त्यांचे पाय धरले. "महाराज, पुढे अडलं तर विचारू कुणाला?" महाराजांनी डोळे उघडले. म्हणाले, "येसाक्काला."

येसाक्का मठ झाडायला यायची. वेशीबाहेर एकटी राहायची आणि कोंबड्या पाळायची. पन्नास वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

गुरुजींना वाटलं, ज्वराच्या भरात बोलले असतील. ते कधी आले नाहीत. महाराज जाऊन नऊ वर्षं झाली, एकदाही आले नाहीत.

आत्ता आले, कारण आता अडलंच होतं.

---

काय अडलं होतं ते गुरुजींनी येसाक्काला सांगितलं नाही. मनाविषयी विचारत बसले. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

त्यांची लेक यमू. एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी थाटामाटात लग्न करून दिली. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ती एकटीच एसटीतून उतरली. हातात एक पिशवी. ओठ सुजलेला. म्हणाली, "अण्णा, मी तिकडे परत जाणार नाही."

गुरुजी तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बाप म्हणून सोन्यासारखा माणूस. तिला आत घेतलं, मागची खोली दिली, आणि दार ओढून घेतलं.

ते दार मग ओढलेलंच राहिलं. गुरुजींची बायको जाऊन सात वर्षं झालेली, घरात दोघंच. कोणी आलं की गुरुजी सांगायचे, "यमू होय? बरं नाही तिला. झोपलीय." पाण्याला तेच जात. देवळात तेच जात. लेकीला कुणी टोचून बोलू नये, म्हणून त्यांनी तिला गावाच्या नजरेलाच पडू दिलं नाही.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय? दोन दिवसांत गावाला सगळं कळलं होतं. नवऱ्यानं टाकली, म्हणाले. काय केलं असेल कुणास ठाऊक, म्हणाले. आणि ती दिसेना, तसं आणखी कायकाय म्हणाले.

गुरुजींनी मग ठरवलं. एकादशी झाली की द्वादशीच्या पहिल्या गाडीनं यमूला अकोल्याला आपल्या मामेबहिणीकडे पोचवायचं. लांब. तिथं कोणी ओळखीचं नाही. दोन-तीन वर्षं राहील. तोवर गाव विसरेल.

यमूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं."

एवढंच. भांडली नाही, रडली नाही. आणि ही यमू कशी, तर लहानपणी भांडी घासताना अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं गाणारी पोर. त्या 'बरं'नं गुरुजींची झोप उडाली होती. मन थाऱ्यावर नव्हतं, ते असं.

---

"ही इथं राहिली तर जगायची नाही," गुरुजी म्हणाले. ठिपकी अजून त्यांच्या हातात होती. "या बाकीच्या मारून टाकतील तिला."

"टाकतील की."

"मग तुम्ही वेगळी ठेवत का नाही?"

येसाक्कानं उंबऱ्यावर पडलेलं पीस उचलून बाहेर टाकलं.

"मी नेतो घरी." गुरुजींच्या तोंडून निघून गेलं. "सामानाच्या खोलीत ठेवतो. आठ दिवसांत खडखडीत बरी करून आणतो. आहे काय त्यात? डोळ्याआड केली की टोचणार कोण?"

येसाक्कानं त्यांच्याकडे बघितलं.

"न्या," ती म्हणाली.

मग गुरुजी निघाले. काखेत पिशवी, पिशवीतून कोंबडीचं मुंडकं बाहेर. पारावर बसलेला दगडू सुतार उठून उभाच राहिला. "गुरुजी, माळ काढली का काय?"

"औषधपाण्याला नेतोय!" गुरुजी खेकसले.

"सगळे तसंच म्हनत्यात," दगडू म्हणाला, आणि सगळा पार खदखदून हसला.

---

घरी आल्यावर गुरुजींच्या लक्षात आलं, की कोंबडीला बरं कसं करायचं ते कुठल्याच पोथीत नाही.

मागच्या खोलीचं दार उघडलं. यमू बाहेर आली. तिनं पिशवी बघितली, कोंबडी बघितली, वडिलांचं तोंड बघितलं. पाणी कोमट केलं, जखम धुतली, हळद आणि खोबरेल लावलं. ठिपकी तिच्या हाताखाली चूप बसली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पूजा करत होते. आतून आवाज आला.

"खा गं. खा. इथं कोण येतंय? आपण दोघीच तर आहोत."

गुरुजींच्या हातातली घंटा तशीच राहिली. दोन महिन्यांत पहिल्यांदा यमू आपणहून बोलली होती. कुणाशी, तर कोंबडीशी. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि इतकं वाईट वाटलं की पूजा अर्धी राहिली.

आठ दिवसांत जखम भरली. वर खपली, खपलीच्या कडेनं बारीक पिसं फुटायला लागली. तांदळाची कणी आणि भिजवलेली ज्वारी खाऊन ठिपकी गुबगुबीत झाली. पण बाहेर कुठं कोंबडा आरवला की ती दाराच्या फटीशी जाऊन उभी राहायची. मान वाकडी करून ऐकत.

"अण्णा, हिला बाहेर जायचंय," यमू एकदा म्हणाली.

"आधी बरी होऊ दे पुरती."

"बरी झालीय ती."

गुरुजींनी दार पुन्हा ओढून घेतलं.

---

एकादशीच्या दुपारी गुरुजी ठिपकीला घेऊन येसाक्काकडे गेले. घरी यमूची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. सकाळी गाडी.

वाटेत ते मनातल्या मनात फुशारत होते. शब्दाप्रमाणे आठ दिवस. बघ म्हणावं, आक्का! तुला पन्नास वर्षांत जमलं नाही ते!

"घ्या तुमची ठिपकी," त्यांनी पिशवी उघडली. "ओळखू येतेय का?"

"मला येतीया," येसाक्का म्हणाली.

तिनं नुकतेच दाणे टाकले होते. सगळ्या कोंबड्या माना खाली घालून टिपत होत्या. गुरुजींनी ठिपकीला अलगद त्यांच्यात सोडलं. ठिपकीनं अंग झाडलं. एक पाऊल टाकलं. आणि कित्येक दिवसांनी घरी आलेलं माणूस करेल तसा घशातल्या घशात आवाज केला, कॉक्... कॉक्...

सगळ्या माना वर झाल्या.

थोरली काळी कोंबडी पुढे आली. ठिपकीच्या समोर उभी राहिली. गळ्याची पिसं फुलवली...

पुढचं इतक्या झटकन झालं की गुरुजींना कळलंच नाही. काळी तुटून पडली, तिच्या मागोमाग दुसरी, मग सगळ्याच. धूळ, पिसं, कलकलाट. ठिपकी पळायचं सोडून तिथंच खाली बसली. मान जमिनीला टेकवून.

"अरे! अरे! हाड! हाड!" गुरुजी छत्री घेऊन धावले. धोतराचा सोगा सुटला, एक चप्पल उकिरड्यात गेली. त्यांनी ठिपकीला ओढून काढलं, छातीशी धरलं. जखम पुन्हा उघडली होती. सदऱ्यावर रक्त लागलं.

ते येसाक्काकडे वळले.

"ओळखत नाहीत काय या हिला? आठ दिवसांपूर्वी हिच्याच शेजारी बसत होत्या!"

"आठ दिस दिसली न्हाई," येसाक्का म्हणाली. "दिसली न्हाई, तिची जागा ऱ्हात न्हाई. आता त्येंच्या लेखी ही परकी. कुनीतरी भायरची आली."

"पण ही बरी होऊन आली होती!"

"व्हय. चांगली बरी केली हुती तुमी."

गुरुजींना कानफटात बसल्यासारखं झालं. "तुम्हाला ठाऊक होतं? मग मला न्यायला दिलीत कशाला?"

"न्हाई म्हनलं आसतं तर ऐकलं आसतं?"

...

गुरुजी खाली बसले. उंबऱ्यावरच, येसाक्काच्या पायाशी. हेडमास्तर खोचरे.

"इथं ठेवली तर टोचून मारतात," ते हळू म्हणाले. "दूर ठेवली तर परकी होते. मग ठेवायची तरी कुठं, आक्का?"

आता हा प्रश्न ते कुणाविषयी विचारत होते, ते त्यांचं त्यांनाच उमगलं.

येसाक्का उठली. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत. चुलीपाशी गेली. तव्याच्या बुडाची काजळी बोटांनी खरवडली, तेलात कालवली आणि ठिपकीच्या जखमेवर थापली. लाल सगळं काळं झालं.

"ह्या काय वाईट न्हाईत," ती अंगणातल्या कोंबड्यांविषयी म्हणाली. "ह्येंच्या पोटात पाप न्हाई. लाल दिसलं की चोच जाती, येवढंच."

मग कुडाला टांगलेलं डालगं तिनं काढलं. बांबूच्या कामट्यांचं, मोठमोठ्या भोकांचं, उपडं घालायचं टोपलं. कोंबड्या झाकायचं. गुरुजींना वाटलं, आता ती ते घरात नेऊन कोपऱ्यात ठेवणार.

येसाक्का अंगणाच्या मधोमध गेली. जिथं दाणे टाकायची, अगदी तिथं. ठिपकीला खाली ठेवलं, वरून डालगं घातलं, डालग्यावर धोंडा ठेवला. मग मूठभर दाणे आत टाकले आणि मूठभर बाहेर, डालग्याला लागून.

काळी धावून आली. भोकातून चोच मारली. टक्! कामटीवर बसली. पुन्हा मारली. पुन्हा कामटीवर. बाकीच्यांनीही मारून बघितलं. ठिपकी मधोमध अंग चोरून बसलेली. कुणाची चोच तिथवर पोचेना.

थोड्या वेळानं काळी कंटाळली. तिला दाणे दिसले. ती दाणे टिपू लागली.

आत ठिपकीनं एक दाणा टिपला. बाहेर काळीनं एक. दोघींची डोकी वीतभर अंतरावर, मधे नुसती कामटी.

"चार-पाच दिस," येसाक्का म्हणाली. "दिसली पायजे. टोचता आली न्हाई पायजे."

गुरुजी बघत बसले. घरी जायचं होतं, सकाळची तयारी होती, तरी ते बघतच बसले. उन्हं कलली. कोंबड्या उकरून उकरून दमल्या. एक लहानशी तांबूस तलंग, अजून अंडी घालायलाही न लागलेली, डालग्याशी आली. इकडं तिकडं बघितलं. आणि डालग्याला पाठ लावून खाली बसली. आतून ठिपकी सरकली, आणि तीही त्याच बाजूला कामटीला टेकून बसली.

गुरुजी रडायला लागले. उपरण्यात तोंड घालून, लहान मुलासारखे. येसाक्कानं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती लसणाच्या पाकळ्या सोलत राहिली.

"माझी यमू..." गुरुजी म्हणाले. "उद्या सकाळी..."

"ठाव हाय," येसाक्का म्हणाली. "सगळ्या वाडीला ठाव हाय, गुरुजी. घरी जावा आता."

---

गुरुजी घरी आले. दाराशी भरून ठेवलेली पिशवी उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

यमू बघत होती. "अण्णा, गाडी?"

"उद्या तांदूळ निवडायचेत," गुरुजी म्हणाले. "आतल्या अंधारात खडे दिसत नाहीत. ओसरीवर बसू."

यमू या वेळी 'बरं' म्हणाली नाही.

सकाळी ओसरीवर चटई पडली. गुरुजींच्या ओसरीसमोरून गावाच्या आडाची वाट जाते, येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिथून दिसते. यमू सूप घेऊन बसली. पुढच्या पायरीवर गुरुजी पोथी घेऊन बसले. पान काही उलटत नव्हतं.

पहिली घागर आली, थबकली, पुढे गेली. दुसरी आली. मग गोदाकाकू आल्या. गोदाकाकूंच्या जिभेला हाड नाही, हे त्या स्वतःही कबूल करतात.

"अगं बया, यमू! बरी दिसतीस की!" त्यांची नजर यमूच्या मोकळ्या गळ्यावर गेली आणि तिथंच राहिली. "मग? जावईबापू कधी येणार न्यायला?"

यमूचा हात सुपात थांबला.

'आत जा, यमू,' हे शब्द गुरुजींच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. उठले आणि पायरी सोडून गोदाकाकू आणि ओसरी यांच्या मधे उभे राहिले. रागावले नाहीत.

"ते येणार नाहीत, काकू. यमूच परत जाणार नाही. तिला मारत होते, म्हणून ती आली. आता इथंच राहील. आणखी काही विचारायचं तर मला विचारा, मी इथंच बसलोय."

असं सरळ उत्तर गोदाकाकूंना जन्मात कुणी दिलं नव्हतं. "न्हाई... तसं न्हाई... मी आपलं सहज," म्हणत घागर सावरून गेल्या.

मागे सूप पुन्हा वाजायला लागलं.

दुसऱ्या दिवशीही बायका थबकल्या, बोलल्या. बोलणं आदल्या दिवसाहून कमी झालं. तिसऱ्या दिवशी बहुतेक जणी नुसत्या बघून गेल्या. चौथ्या दिवशी चौगुल्यांची शकू आली, यमूच्या वर्गातली. ती थांबली. घागर पायरीवर ठेवली. काही न बोलता यमूच्या शेजारी चटईच्या कडेला टेकली, आणि सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

दोघी बराच वेळ खडे काढत बसल्या. गुरुजींना ती तांबूस तलंग आठवली आणि पोथीतली अक्षरं पुसट झाली.

---

सगळं बरं चाललं, तर गुरुजींनी थांबावं की नाही? छे! मास्तरकीची सवय. एकदा उत्तर बरोबर आलं की शंभरदा गिरवायचं.

यमू आडावर निघाली की गुरुजी मागोमाग. देवळात गेली की गुरुजी दोन पावलं पुढे, छत्री उघडून. शकू बोलावायला आली की गुरुजी मधे बसून दोघींना उपनिषदातल्या गोष्टी सांगायचे. महिना झाला, पण बापलेकीची ही जोडी काही सुटेना. आडावरच्या बायका आता यमूला सोडून गुरुजींवर हसायला लागल्या.

"अण्णा, मी जाऊ का एकटी?" यमू विचारायची.

"इतक्यात नको. थोडे दिवस जाऊ देत."

एका सकाळी ते पुन्हा येसाक्काकडे आले. यमूला शकूजवळ ओसरीवर बसवून, 'उठू नकोस, आलोच' असं बजावून. अंगणात बघितलं, तर डालगं कुडाला टांगलेलं. कोंबड्या उकिरड्यावर. ठिपकी कुठली ते चटकन कळेना. मग दिसली, काळीच्या शेजारी. दोघी एकाच गांडुळाची ओढाताण करत होत्या.

गुरुजी हसले. उंबऱ्यावर बसले. येसाक्कानं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"एक विचारायला आलो, आक्का."

"इचारा की."

"डालगं घालायचं कसं, ते तुम्ही शिकवलंत. पण उचलायचं कधी? चार-पाच दिवस म्हणालात, ते कोंबडीचं झालं. माणसाचं कसं कळायचं? घाईनं उचललं तर पुन्हा टोचतील. उचललंच नाही तर..." ते थांबले. "कसं ओळखायचं?"

येसाक्का एका कोंबडीच्या पायाला गुंतलेला दोरा दातानं तोडत होती. तोडला. कोंबडी सोडली. तरी बोलेना.

गुरुजी वाट बघत राहिले...

आणि वेशीकडून कुणीतरी येताना दिसलं. हातात वाडगा. पदर खांद्यावर, डोकं उघडं. एकटीच. वेशीलगतच गोदाकाकूंचं दार लागतं, तिथं क्षणभर थांबली, आतल्या कुणाशी तरी बोलली, हसली, आणि पुढे निघाली. काहीतरी गुणगुणत होती. सूर लांबून नीट ऐकू येत नव्हता. गुरुजींनी तरी तो ओळखला.

ठिपकीनं मान वर केली आणि वाटेकडे धावत सुटली.

"यमू!" गुरुजी ताडकन उठले. छत्री शोधू लागले. "एकटी कशी आली ही? अख्खं गाव ओलांडून! थांब, थांब गं, मी येतो..."

येसाक्कानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला.

"बसा खाली, गुरुजी," ती म्हणाली. "कवा उचलायचं, ते डालग्याला इचारत न्हाईत."